एक जूनचे गुरुजी

सावेडीतली ती खोली मला दुसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्या खेपेला घरमालकांनी मला फाटकातूनच परत पाठवलं होतं. ज्या कारणासाठी पाठवलं, ते कारण मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याच घरमालकाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

"जन्मतारीख सांग," ते म्हणाले होते.

"एक जून."

यावर ते इतके हसले की हातात धरलेली सायकल कलंडली. "एक जूनला जन्मलेल्यांना मी खोली द्यायला लागलो तर अर्धा जिल्हा इथे राहायला येईल बाबा. जा, आईला विचारून ये."

मी नुकतीच वकिलीची सनद घेऊन नगरला आलो होतो. अशिलांचा पत्ता नव्हता, निदान आपला तरी पत्ता असावा एवढीच इच्छा होती. आणि हा टोपीवाला म्हातारा मला जन्माचा दाखला नव्हे, तर आईची साक्ष मागत होता. पण त्या काळात सावेडी म्हणजे उघडा माळ, चार बंगले आणि भरपूर वारा. एवढी स्वस्त आणि उजेडाची खोली गावात दुसरी नव्हती. मी एसटीने आमच्या अकोले तालुक्यात गेलो, पुढे चालत घरी. आईला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"शहरात जाऊन हेच शिकला का रं? आवनीत झाला तू. भाताची रोपं हातात हुती माझ्या. चिखलाचे पाय घिऊन घरी आले. नागपंचमी चार दिसांवर हुती."

परत येऊन मी हे घरमालकांना, म्हणजे गुरुजींना, सांगितलं. ते आत गेले, ट्रंकेतून जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढला, बोट लावत लावत एका ओळीवर थांबले आणि आत वळून ओरडले, "अहो, पोरगा झाला! श्रावणात!" काकूंनी शांतपणे घुगऱ्या शिजायला टाकल्या. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, स्टुलावर बसून, मी स्वतःच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या. मग मला किल्ली मिळाली.

गुरुजी आयुष्यभर खेड्यापाड्यांतल्या शाळांवर मास्तर होते आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. शाळेत नाव घालायला येणाऱ्या आयांना मुलाची तारीख ठाऊक नसे. दिवस जूनचे, पुढ्यात कोरं रजिस्टर, दारात पंधरा-वीस पोरं रांगेत शेंबूड ओढत उभी. मास्तर पोराकडे एक नजर टाकत आणि सहा वर्षं मागे जाऊन लिहीत, एक जून. सगळेच मास्तर तसं करत. गुरुजींनी जरा जास्त मन लावून केलं, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि एक जून हे शब्द त्यांना फार छान काढता येत.

निवृत्तीनंतर माणसं तुळशीला पाणी घालतात, पोथी वाचतात. गुरुजींनी जुन्या विद्यार्थ्यांचे खरे वाढदिवस शोधायला घेतले. सायकल होती, पण तिच्यावर ते कधी बसत नसत, नुसती हातात धरून चालत. बसलं की विचार तुटतो, असं त्यांचं म्हणणं. अशी सायकल चालवत, म्हणजे चालवतच, ते बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर जाऊन उभे राहत. गावाकडची एखादी म्हातारी उतरली की तिला गाठत. "तुमचा दत्तू झाला तेव्हा तुम्ही काय करत होतात?" तारीख कधीच विचारत नसत. तारीख विचारली की माणूस घाबरतो आणि काहीतरी खोटं सांगतो, पण त्या दिवशी काय करत होता हे विचारलं की त्याचा चेहरा उजळतो, असा त्यांचा अनुभव. म्हातारी सांगे, हरभरा सोंगत हुते, किंवा पोळ्याचे बैल रंगवत हुते, किंवा सासू वारली त्याचा तेरावा हुता. गुरुजी घरी येऊन पंचांगं उघडत.

तारीख सापडली की त्या विद्यार्थ्याला दरसाल त्या दिवशी पोस्टकार्ड जायचं. मजकूर ठरलेला. "आज तुझा खरा वाढदिवस. सरकारला सांगू नकोस." कुणी कंडक्टर झालेला, कुणी पोलीस, कुणी साखर कारखान्यात वजनकाट्यावर. एका फौजदाराने ते कार्ड आपल्या टोपीच्या आत खोचून ठेवलं होतं म्हणे. आमचा पोस्टमन मात्र वैतागला होता. "गुरुजी, सरकारला सांगू नका असं उघड्या कार्डावर लिहिता आणि सरकारच्याच पेटीत टाकता," तो म्हणे.

"म्हणून तर टाकतो. सरकार वाचत नाही, नुसतं शिक्का मारतं," गुरुजी म्हणत.

काकूंचं यावर एकच म्हणणं होतं. "यांना आमच्या लग्नाची तारीख विचारा एकदा." गुरुजी लगेच सायकल घेऊन बाहेर पडत.

एक जूनला मात्र ते कडक उपास करत. गमतीचाच उपास, कारण दुपारी शेंगदाण्याचे लाडू चालत. प्रायश्चित्त कशाचं, तर गेल्या तीस वर्षांत केलेल्या एकूण बाळंतपणांचं, असं ते सांगत. मीही हसायचो. आम्ही सगळेच हसायचो, आणि त्यात काही कुणाचं नुकसान आहे असं आम्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पण हा वेगळा होता. विहिरींचे तळ दिसले, रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची, खडी फोडायच्या कामावर खायला सुकडी वाटायचे. अशा एका सकाळी आमच्या फाटकाशी एक बाई येऊन बसली. आत ये म्हटलं तरी येईना. गुरुजी बाहेर आले तसा तिने पदर डोळ्याला लावला.

तिचं नाव हौसाबाई. माहेर शिंगणापूरचं. नवरा वारल्यापासून एकुलत्या एका पोराला, पोपटला, घेऊन माहेरीच राहायची. शेजारच्या गावातल्या शाळेत गुरुजी असताना पोपट त्यांच्याकडे चौथीपर्यंत शिकला होता. तिच्या ओळखीत शिकलेला माणूस म्हणजे गुरुजीच.

"गुर्जी, पोपट्याला जेलात घातलं वो. येक वरीस." तिने पदराच्या गाठीतून निकालाची घडी काढली.

घडलं ते एवढंच. पोपट खडीच्या कामावर निघाला होता. वाटेत तालुक्याच्या गावाला तहान लागली. एका घराचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आत माठ दिसत होता. तो आत गेला आणि तांब्याभर पाणी पिऊ लागला. मालकिणीने आरडाओरडा केला. लोक धावले तेव्हा पितळी तांब्या त्याच्या हातातच होता. घरात शिरून चोरी, असा गुन्हा लागला. कोर्टाने विचारलं, आत गेला होतास का? पोपट म्हणाला, व्हय, गेल्तो. तांब्या घेतला होतास का? व्हय, घेतला हुता. खटला तिथेच संपला.

आता शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात हे आम्हा नगरकरांना सांगायला नको. चौकटी असतात, फळ्या नसतात, कुलूप तर नाहीच. तिथे तहानलेला माणूस चौकटीतून आत डोकावतो, हाक मारतो आणि पाणी पिऊन जातो. दुसऱ्याच्या घराचं लोटलेलं दार म्हणजे बंद दार, हे पोपटला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी निकाल वाचत होतो. माझ्या वकिली आयुष्यातला माझ्या हातात आलेला तो पहिला खरा कागद होता. आरोपीचं वय अठरा, असं लिहिलं होतं. गुरुजी माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"अठरा?" ते म्हणाले. "हौसे, हा केवढा आहे गं?"

"आता म्या काय सांगू? मिशी बी फुटली न्हाई अजून."

"पोलिसांनी कुठून घेतलं वय?"

"शाळेच्या दाखल्यावरनं. दाखल्यात सतरा निघत्यात, पोलीस म्हनले अठराच समजा."

गुरुजी पायरीवर बसले. बोलले तेव्हा आवाज निराळा होता.

"त्या साली दिपोटीसाहेब तपासणीला येणार होते. पटावर दोन पोरं कमी पडत होती. कमी पडली असती तर शाळेतला दुसरा मास्तर उचलला असता. मी वाडीवस्तीवर फिरलो. ही बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती. मी म्हटलं, आण याला. अंगात नुसता सदरा, खाली काही नाही. चार वर्षांचं पोर होतं रे ते. मी सहा लिहिलं."

"म्हंजी माज्या पोपट्याला पंधरावंच हाय का?" हौसाबाईने विचारलं. तिला त्यात आनंद मानावा की काय ते कळत नव्हतं.

मला मात्र कळलं. सोळा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात पाठवता येत नाही, असा मुलांसाठीचा निराळा कायदा आपल्याकडे होता. अशा मुलाला मोठ्यांच्या कोर्टात उभंच करायचं नाही, मुलांच्या कोर्टापुढे न्यायचं, आईबापांच्या ताब्यात द्यायचं किंवा बालगृहात ठेवायचं. परीक्षेसाठी मी तो कायदा एका रात्रीत पाठ केला होता आणि दुसऱ्या दिवशी विसरलो होतो. आता तो कायदा एका पोराच्या अंगावरून सरकून गेला होता आणि सरकवणारं अक्षर मोत्यासारखं होतं.

सेशन कोर्टात अपील दाखल केलं. निकाल लागेपर्यंत पोराला बाहेर ठेवा, असा अर्जही दिला, पण दाखल्यात सतरा वर्षं दिसत होती म्हणून तो नामंजूर झाला. डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला आणि पंधरा ते सतरा असं लिहून दिलं. म्हणजे आम्हालाही बरोबर आणि त्यांनाही बरोबर.

आम्ही पोपटला भेटायला गेलो. जाळीपलीकडे तो उभा राहिला. अंगावरचे कैद्याचे कपडे त्याला इतके मोठे होते की बाह्या चार वेळा दुमडल्या होत्या. आजूबाजूला सगळे दाढीमिशांचे बाप्ये. गुरुजींना बघून तो उजळला, शाळेत उभा राहायचा तसा हात मांडीला चिकटवून उभा राहिला.

"बरा आहेस का रे?"

"बरा हाय गुर्जी. खायला मिळतं." मग हळूच म्हणाला, "हितं दारं लई हायेत."

परतताना गुरुजी सायकल हातात धरून जेलपासून सावेडीपर्यंत चालत आले आणि मी मागे मागे.

त्यांनी शोध मात्र नेहमीच्याच पद्धतीने लावला. हौसाबाईला समोर बसवलं आणि विचारलं, "पोपट झाला तेव्हा तू काय करत होतीस?"

"ऊस तोडत हुते की," ती म्हणाली. "पुनतांब्याकडं. नवरा हुता तवा. नदीच्या अंगाला फड हुता. सुईन भली बाई हुती, तिनंच धाकल्या दिराला गावात पाठीवलं, जा म्हनली, पोरगं झालं म्हून लिव्हून ये, न्हाईतर पाटील वरडल. आंब्याला मव्हर आल्ता बगा, वास सुटला हुता."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. शिंगणापुरात आणि पोपटच्या बापाच्या गावी जन्माची नोंद नव्हती, हे आम्ही आधीच पाहिलं होतं. पुणतांब्यात असेल, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

आम्ही तिघं पहाटेच्या गाडीने पुणतांब्याला गेलो. गोदावरीचं पात्र नुसतं दगडांचं झालं होतं. गावात जन्ममृत्यूची जुनी बुकं कपाटाच्या तळाशी होती आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो सोयऱ्यांकडे गेला होता. तो येईपर्यंत गुरुजींनी चावडीतल्या आठ माणसांचे खरे वाढदिवस काढून दिले. किल्लीवाला आला तेव्हा तिथे इतका गोंगाट होता की त्याला वाटलं, पंचायतीची निवडणूक लागली. त्याचाही काढला. मग त्याने आपणहून शिडी आणून बुकं उतरवली. दुपारी ओळ सापडली. मुलगा. बापाचं नाव बरोबर, आईचं नाव बरोबर, बापाचं गाव बरोबर, राहणं कामानिमित्त. मुलाचं नाव नाही. तारीख आंब्याच्या मोहराच्या दिवसांतली. ती मी इथे लिहीत नाही, ती पोपटची आहे. त्या तारखेने गुन्ह्याच्या दिवशी तो पंधरा वर्षांचाच होता.

हौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. किल्लीवाला म्हणाला, बुक बंद करायचं हाय मावशी. तरी उचलेना.

आता सगळं सोपं झालं असं मला वाटलं. पण एका ज्येष्ठ वकिलांना कागद दाखवले तेव्हा ते म्हणाले, "नाव कुठे आहे? सरकारी वकील म्हणणार, हा याचा धाकटा भाऊ, तान्हेपणीच गेला असेल. शाळेचं रजिस्टर तर सांगतंय की तुझा अशील दोन वर्षांनी मोठा आहे. रजिस्टर खोटं आहे असं कोण सांगणार?"

सांगणारा एकच माणूस होता. मी घरी आलो आणि त्यांना ते सांगायची हिंमत मला होईना. गुरुजींच्या बैठकीत भिंतीवर एक चौकट होती. त्यात तालुक्याने दिलेलं प्रशस्तिपत्र. शाळेतील नोंदी अचूक व टापटीप ठेवल्याबद्दल. उभ्या आयुष्यात त्यांना मिळालेली ही एकच शाबासकी. शपथेवर उभं राहून ते म्हणणार की ही नोंद मी जाणूनबुजून खोटी लिहिली, म्हणजे चौकशी आली, नाचक्की आली, पेन्शनही थांबू शकत होतं. शेवटी मी हे सगळं त्यांना सांगितलं, कारण वकील म्हणून सांगायलाच हवं होतं.

दोन दिवस ते बाहेर पडले नाहीत. सायकल पडवीला टेकलेली. पोस्टकार्डं नाहीत. संध्याकाळी बैठकीत बसून भिंतीकडे बघत राहायचे. मी मनातून म्हणत होतो, हे माघार घेतील. आणि घेतली असती तर मी त्यांना दोष दिला नसता, हेही खरं.

तिसऱ्या दिवशी काकू पोळपाट घेऊन बाहेर आल्या. "पोरगं आत आहे," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही भिंत कसली बघता? भिंत काय पळून चाललीय?"

गुरुजी उठले. स्टूल घेतलं, चौकट काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. "हा मुद्देमाल," ते म्हणाले. "कोर्टात हजर कर." मग आत जाऊन त्यांनी पोपटला जेलच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं, कारण आंब्याला मोहर आला होता आणि दिवस नेमका तोच होता. "आज तुझा खरा वाढदिवस. सोळा पूर्ण. या वेळी सरकारला आपण सांगणार आहोत." ते कार्ड जेलरने वाचून पोपटला दिलं. जेलरने त्यावर विचारणा वगैरे केली नाही, पण स्वतःची आई कुठल्या गावी असते ते गुरुजींना कळवलं.

सुनावणीचा दिवस मी विसरणार नाही. कोर्ट भरलं होतं, कारण गुरुजींच्या विद्यार्थ्यांना कुणीतरी कळवलं होतं. कंडक्टर, फौजदार, वजनकाट्यावाला, सगळे मागच्या बाकांवर. हौसाबाई दाराशी. पोपट दोन पोलिसांच्या मध्ये, बाह्या दुमडून.

गुरुजींनी टोपी नीट केली, शपथ घेतली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "ही नोंद माझ्या हातची आहे. आणि खोटी आहे. पोर चार वर्षांचं होतं. पटावर पोरं कमी पडत होती म्हणून मी सहा लिहिलं. पोराची आणि त्याच्या आईची यात काही चूक नाही."

सरकारी वकील उठले. माणूस सज्जन, पण काम करणारा. "सरकारी रजिस्टरात तुम्ही खोटी नोंद केलीत, असं शपथेवर सांगता?"

"हो."

"ही एकच?"

"नाही साहेब. सगळ्याच."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. जज्जसाहेबांनी वर पाहिलं तशी थांबली.

"आणि सगळ्या नोंदी एकाच तारखेच्या, एक जूनच्या? यावर कोर्टाने विश्वास ठेवावा?"

"तुमचा वाढदिवस कधी असतो साहेब?" गुरुजींनी अगदी भाबडेपणाने विचारलं. बाजाराच्या दिवशी स्टँडवर विचारायचे तसं.

सरकारी वकिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात," जज्जसाहेब म्हणाले. चष्मा काढून पुसला. "पण सरकारी वकिलांची उत्तर द्यायला हरकत नसेल तर कोर्टाचीही नाही."

"एक जून," सरकारी वकील म्हणाले.

मग मात्र कुणालाच आवरलं नाही. दारातला पट्टेवाला हसला, कारकून हसला, पोपटच्या उजवीकडचा पोलीस हसताना आपलाही एक जूनच असं खुणेने डावीकडच्याला सांगत होता. सरकारी वकील स्वतःही हसायला लागले. पोपटला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तोही हसला, आणि त्या हसण्यात तो केवढा लहान आहे ते सगळ्या कोर्टाने पाहिलं. माझ्या कुठल्याही युक्तिवादात तेवढा दम नव्हता.

निकाल त्याच आठवड्यात लागला. गुन्ह्याच्या दिवशी आरोपी सोळा वर्षांखालचा होता, त्याला मोठ्यांप्रमाणे शिक्षा देणं कायद्याला धरून नव्हतं, शिक्षा रद्द, मुलाला आईच्या ताब्यात द्यावं. मी आभार मानून बसणार तेवढ्यात मागून गुरुजी उभे राहिले. "साहेब, एक विनंती. खरी तारीख निकालात लिहा. नाहीतर उद्या पुन्हा कुणीतरी माझंच अक्षर वाचेल."

जज्जसाहेबांनी पेन पुन्हा उघडलं. त्यामुळे पोपट हा माझ्या माहितीतला एकच माणूस, ज्याचा जन्म सेशन कोर्टाने मंजूर केलेला आहे.

त्या दिवशी सावेडीच्या घरी घुगऱ्या झाल्या. घरात ना हरभरा ना गहू, म्हणून काकूंनी रेशनच्या लाल मिलोच्या शिजवल्या. इतक्या वाईट घुगऱ्या मी जन्मात खाल्ल्या नाहीत आणि इतक्या आनंदाने तर नाहीच. पोपट आमच्या उंबऱ्याबाहेरच उभा होता. दार सताड उघडं होतं, तरी आत येईना. "येऊ का?" त्याने विचारलं. गुरुजी उठून गेले, त्याचा हात धरला आणि आत आणलं. तेव्हा ते रडत होते आणि लपवतही नव्हते.

चौकशी व्हायची ती झालीच. खात्याने खुलासा मागवला. गुरुजींनी खुलाशाबरोबर आपल्या हातच्या सगळ्या खोट्या नोंदींची यादी पाठवली, शेजारी खऱ्या तारखा, सुवाच्य अक्षरात, आणि त्या सर्व दुरुस्त कराव्यात अशी विनंती. पेन्शन थांबलं नाही. मला वाटतं ती यादी वाचायला बसेल असा माणूस खात्यात नसावा. बऱ्याच महिन्यांनी सक्त ताकीद देणारं पत्र आलं. गुरुजींनी ते त्याच चौकटीत, प्रशस्तिपत्राच्या जागी बसवलं, चौकट पुन्हा भिंतीवर लावली आणि आल्यागेल्याला दाखवायला लागले. पाव्हणे चहा पिता पिता ते वाचत आणि पुन्हा पहिल्यापासून वाचत.

गंमत आता गमतीपुरती राहिली नव्हती. त्यांनी जेलमध्ये कैद्यांना लिहायला शिकवायची परवानगी काढली. पाटीवर अक्षर गिरवून घेताना चेहरे बघत, कुणी सोळाच्या आतला दिसतो का. कोर्टातून खोलीवर आलो की कधी कधी माझ्या दाराच्या फटीत पोस्टकार्ड असायचं, खरं तर ते शेजारच्याच खोलीत राहत होते. "एक सापडला. ये." मग आम्ही त्या पोराच्या आईला शोधायला निघायचो. सगळेच सोळाच्या आतले निघायचे असं नाही. काही नुसते बारीक चणीचे असत. पण काही निघायचे, आणि दर वेळी काकू घुगऱ्यांची परात काढत.

पुढे माझं लग्न झालं, मी सावेडी सोडली, पण जवळच राहिलो. काही वर्षांनी एका रविवारी गुरुजींकडे बसलो होतो. त्यांना दिसायला कमी झालं होतं, सायकल आता काठीसारखी धरत. फाटक वाजलं. पोपट होता. मिशी आली होती, चांगली भरघोस. हातात एक कागद.

"गुर्जी, पोरगी झाली."

"कधी?" गुरुजी ताडकन म्हणाले. "बायको तेव्हा काय करत होती?"

"बाळंत हुत हुती की वो," पोपट म्हणाला. "म्या चवकटीबाहेर हुबा हुतो. सुईन म्हनली पोरगी, तसा थेट पंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हनला उद्या या. म्या म्हनलं, न्हाई. आजचं आजच लिव्हा. बसून ऱ्हायलो. नावबी तिथंच ठिवलं, नाव न्हाई म्हून पुन्यांदा घोळ नगं."

त्याने कागद पुढे केला. आजवर कुठलाही दाखला हातात आला की गुरुजींचं एक वाक्य ठरलेलं असे. कागद माणूस लिहितो आणि माणसाला जेवायची घाई असते. मी त्या वाक्याची वाट बघत होतो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि काही न म्हणता कपाळाला लावला.

"अहो," ते आत वळून ओरडले, "घुगऱ्या!"

पुढच्या वर्षी त्या तारखेला शिंगणापूरला एक पोस्टकार्ड गेलं. पत्त्यावर वर्षाच्या त्या पोरीचं पूर्ण नाव होतं. अक्षर आता थरथरत होतं, ओळी वर चढल्या होत्या. ते कार्ड पोपटने जपून ठेवलंय आणि पोरगी शाळेत गेली तेव्हा नव्या मास्तरांपुढे जन्माच्या दाखल्याबरोबर तेही ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, "आज तुझा खरा वाढदिवस. सरकारलाही माहीत आहे."